आपल्या हातचें शिवण

शाळेच्या वार्षिकांत बहुधा थोर पुरुषांचीं चरित्रें, शास्त्रीय शोध, सहलींचीं वर्णनें असे विषय येतात. त्यांच्या पंक्तीला सुई-दोऱ्यासारखा क्षुल्लक विषय कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्या वस्तूशीं आपला जन्मापासून अखेरपर्यंत रोजचा संबंध येतो तिला क्षुल्लक कसें म्हणावें? मूल जन्मास आलें म्हणजे त्याला प्रथम दुपट्यांत गुंडाळतात, मग झबलें घालतात, डोकीला टोपरें किंवा कुंची बांधतात. आणि तेव्हांपासून त्याचें अंग कोणाच्या तरी टांक्यांनीं झांकलेलें असतें. अन्न, वस्त्र व निवारा ह्या तीन गरजांपैकीं अन्न शिजविण्याची विद्या अद्यापि घरोघर आहे. वस्त्र शिवण्याची विद्या मात्र आपल्या डोळ्यांदेखत पुष्कळ घरांतून निघून चालली आहे. ती कां राखावी, आणि राखावयाची तर आरंभ कोठून करावा, ह्या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

सुई हें मनुष्याच्या फार जुन्या हत्यारांपैकीं एक आहे. नेढें पाडलेल्या हाडाच्या सुया युरोपांतील गुहांत सांपडल्या असून त्यांतील कांहीं सुमारें वीस हजार वर्षांपूर्वींच्या आहेत. आपल्याकडे मोहेंजोदडो येथें चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला रंगविलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला. तो चार हजार वर्षांहून अधिक जुना आहे. 'पूर्वीं आपल्या देशांत कपडे शिवीतच नसत, नुसतें कापड गुंडाळीत', असें पुष्कळांच्या बोलण्यांत येतें. परंतु अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत धोतर व उत्तरीय घेतलेल्या माणसांबरोबर बाह्यांचे शिवलेले अंगरखे घातलेलीं माणसेंही दिसतात. सुश्रुतसंहितेंत तर जखम शिवण्यासाठीं कोणत्या प्रकारची सुई वापरावी हेंही सांगितलेलें आहे.

महाराष्ट्रांत मुलींच्या पहिल्या शाळा निघाल्या तेव्हां त्यांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणकाम शिकवीत असत. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत व रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनांत स्त्रियांच्या शिक्षणाची जी व्यवस्था केली, तींतही शिवणकामाला स्थान होतें. ह्याचें कारण उघड आहे. जिच्या हातांत सुई आहे तिला दुसऱ्याच्या दारीं हात पसरावा लागत नाहीं.

आतां कोणी विचारील, "हें सर्व मागच्या काळीं ठीक होतें. हल्लीं तयार कपडे स्वस्त मिळतात, घरबसल्या मिळतात. मग डोळे शिणवून घरीं शिवावयाचें कशासाठीं?" हा आक्षेप खरा आहे, व तो प्रामाणिकपणें मान्य केला पाहिजे. कापड, दोरा, गुंड्या ह्यांचा जमाखर्च मांडला तर घरीं शिवलेला कपडा नेहमींच स्वस्त पडतो असें नाहीं. केव्हां केव्हां तो महागही पडतो. तेव्हां पैसे वांचतात म्हणून शिवण शिका, असें मी म्हणत नाहीं. माझें कारण निराळें आहे, आणि तें समजण्यासाठीं माझ्या लहानपणची एक हकीकत सांगितली पाहिजे.

मी सात वर्षांची असतांना आईनें मला निळ्या सुती कापडाचा एक झगा शिवला. वडिलांचा पगार बेताचा आणि आम्ही चार भावंडें. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे आई हातानें फिरवावयाच्या यंत्रावर आम्हां सर्वांचे कपडे शिवी. त्या झग्याच्या खालच्या घेराला तिनें चार इंच कापड आंत दुमडून ठेविलें होतें, व दोन्ही बाजूंच्या शिवणींतही एकेक इंच राखला होता. दरवर्षीं नाताळाच्या आधीं ती मला दाराशीं उभी करी, झग्याची कड गुडघ्याशीं कोठें येते तें पाही, आणि दुमड उसवून इंच-सव्वा इंच खालीं सोडी. अशा रीतीनें तो झगा तीन वेळां वाढला. परंतु धुण्यानें व उन्हानें वरचें कापड विटलें होतें. त्यामुळें दर वेळीं जुन्या दुमडीच्या जागीं एक पांढुरकी रेघ राही, आणि तिच्याखालचा पट्टा मूळच्या गडद निळ्या रंगाचा दिसे.

मी पांचवींत होतें तेव्हां शाळेच्या स्नेहसंमेलनाला तोच झगा घालून गेलें. शेजारीं बसलेल्या मुलीनें त्या रेघा बोटानें मोजल्या. "एक, दोन, तीन," असें ती मोठ्यानें म्हणाली आणि सगळ्या हसल्या. घरीं येऊन मीं तो झगा कोपऱ्यांत भिरकावला व आईला म्हणालें, "पुन्हां मी तुझ्या हातचें कांहीं घालणार नाहीं." आई कांहीं बोलली नाहीं. तिनें झगा उचलला, त्याची घडी घातली व पेटींत ठेविली. पुढच्या नाताळाला माझ्यासाठीं दुकानांतला झगा आला. तो घेण्यासाठीं घरांत कोणत्या खर्चाला कात्री लागली, हें मीं विचारलें नाहीं व मला कोणीं सांगितलेंही नाहीं.

आई गेल्यावर तिची पेटी आवरण्याचें काम मजकडे आलें. तळाशीं तो निळा झगा होता. त्या वेळीं माझी स्वतःची मुलगी सात वर्षांची होती. मीं झगा तिच्या अंगाला लावून पाहिला, आणि त्या तीन रेघा पुन्हां नजरेस पडल्या. पहिली रेघ माझ्या आठव्या वर्षाची, दुसरी नवव्या, तिसरी दहाव्या. त्या तीन वर्षांत मी किती वाढलें ह्याची नोंद दुसरी कोठेंही नाहीं. ती आईनें सुईनें करून ठेविली होती. हसणाऱ्या मुलीनें रेघा बरोबर मोजल्या होत्या; त्यांचा अर्थ मात्र तिलाही कळला नव्हता व मलाही कळला नव्हता.

पवित्र शास्त्रांत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत हन्नेची गोष्ट आहे. तिनें आपला मुलगा शमुवेल लहानपणींच शिलो येथील मंदिरांत सेवेसाठीं दिला. वर्षांतून एकदां ती पतीबरोबर यज्ञाकरितां तेथें जाई, आणि प्रत्येक वर्षीं मुलासाठीं एक लहानसा झगा करून नेई. शास्त्रांत ही गोष्ट एका वाक्यांत आटोपली आहे. परंतु ज्यानें मुलासाठीं कधीं शिवलें आहे तो ह्या वाक्याशीं थांबतो. माप घ्यावयास मूल जवळ नाहीं. गेल्या वर्षीं पाहिलेल्या मुलावरून यंदाच्या मुलाची उंची मनांतल्या मनांत ताडूनच तिला कापड घ्यावें लागलें असेल.

माझें म्हणणें आतां ध्यानांत येईल. दुकानांतला कपडा वयाच्या आंकड्यावर बेतलेला असतो. त्यावर 'सहा वर्षें', 'आठ वर्षें' अशी चिठ्ठी असते. तो शिवणाऱ्यानें तें मूल कधीं पाहिलेलें नसतें. घरचा कपडा त्या एकाच मुलाकडे पाहून शिवावा लागतो. एकाचे खांदे जरा उतरते असतात, दुसऱ्याचें पोट पुढें असतें, तिसऱ्याला मानेशीं कांहीं टोंचलेलें खपत नाहीं. हें ज्याला ठाऊक असतें तो कपडा नीट शिवतो, आणि ज्याला ठाऊक नसतें त्याला तें शिवतां शिवतां ठाऊक होतें. ज्याच्यासाठीं शिवावयाचें त्याच्याकडे नीट पाहावें लागतें, हें ह्या धड्याचें पहिलें सूत्र होय.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. आरंभ झबल्यापासून करावा. त्याला कापड थोडें लागतें, बेतणें सोपें असतें, आणि आपल्या घरीं नसलें तरी नात्यांत किंवा शेजारीं लहान मूल असतेंच. खालीं दिलेला आंकडा साधारणतः सहा महिन्यांच्या मुलाचा आहे.

माप : ह्या वयाच्या मुलाची छाती सुमारें १७ इंच असते, व डोक्याचा घेरही जवळजवळ तितकाच असतो. तथापि लेखांतल्या आंकड्यावर विसंबूं नये. त्या मुलाचेंच माप घ्यावें. तें निजलेलें असतां घेतलें तर सोपें जातें. टेप ताणून धरूं नये. टेप व अंग ह्यांमध्यें एक बोट सहज शिरलें पाहिजे. कपडा सैल राहावा म्हणून छातीच्या मापांत ५ इंच मिळवावे, म्हणजे २२ इंच झाले. तयार झबल्याची लांबी १३ इंच धरावी.

कापड : मलमल उत्तम. घरांतील धुवून मऊ झालेलें सुती धोतर किंवा साडी त्याहूनही चांगली. कृत्रिम धाग्याचें कापड ह्या कामीं घेऊं नये, कारण तें घाम शोषीत नाहीं. नवें कापड असेल तर तें आधीं रात्रभर पाण्यांत भिजवावें, वाळवावें, इस्तरी करावें व मगच कात्री लावावी. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. ही काळजी न घेतल्यास नवें झबलें पहिल्याच धुण्यानंतर मुलाला येईनासें होतें. ३६ इंच पन्ह्याचें पाऊण मीटर कापड घेतलें तर त्यांत अशीं दोन झबलीं निघतात.

बेतणें : एका झबल्यासाठीं २८ इंच लांब व १७ इंच रुंद असा तुकडा घ्यावा. प्रथम तो आडवा दुमडावा, म्हणजे लांबी १४ इंच राहील. ही दुमड म्हणजे खांदा. नंतर तो उभा दुमडावा, म्हणजे रुंदी साडेआठ इंच राहील; ही दुमड म्हणजे छातीचा व पाठीचा मध्य. आतां कापडाचे चार पदर झाले. बाहीच्या टोंकाकडे खांद्यापासून साडेचार इंच खालीं खूण करून तेथून मध्याकडे आडवी रेघ आंखावी. घेराकडे मध्यापासून ६ इंचांवर खूण करून तेथून वर उभी रेघ आंखावी. दोन्ही रेघा जेथें मिळतात ती काख. तो कोपरा अगदीं काटकोनी न ठेवितां किंचित् वळवून घ्यावा. नाहीं तर मूल हात वर करील तेव्हां शिवण तेथेंच फाटेल. हे ६ इंच कसे आले तें विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पाहावें : २२ चा चौथा भाग साडेपांच, आणि शिवणींत जाणारा अर्धा इंच त्यांत मिळविला. अपूर्णांक व्यवहारांत कोठें लागतात, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें एक झबलें बेतून पाहावें.

गळा : खांद्याच्या दुमडीवर मध्यापासून २ इंचांवर खूण करावी व तेथून मध्याकडे अर्धा इंच खोल असा गोल चारही पदरांतून कापावा. नंतर कापड उलगडून फक्त पुढचा भाग घ्यावा व तेथील गळा २ इंच खोल करावा. मग पाठीच्या मध्यावर गळ्यापासून खालीं ४ इंच उभी चीर द्यावी. डोकें आंत जाईल कीं नाहीं, ह्याचा पडताळा असा : गळ्याचा घेर सुमारें साडेदहा इंच व चिरेच्या दोन कडा मिळून ८ इंच, एकूण साडेअठरा. डोकें १७ इंच. तेव्हां चिंता नाहीं. पाठीशीं गुंडी लावूं नये. तान्हें मूल हातीं येईल तें तोंडांत घालतें, व तुटलेली गुंडी घशांत अडकण्याचें भय असतें. तिच्याऐवजीं कापडाचे आंखूड बंद लावावे. लांब बंद मानेभोंवतीं गुरफटतात.

शिवणें : दोरा हातभर घ्यावा, त्याहून लांब घेतल्यास वेळ वांचत नाहीं, तो गुंततो. गांठ मारण्याऐवजीं आरंभीं एकाच जागीं दोन बारीक टांके घालावे, म्हणजे मुलाला गांठ टोंचणार नाहीं. बाजूंची शिवण दुहेरी घालावी. ती अशी : कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून कडेपासून पाव इंचावर धांवदोरा घालावा, मग कपडा उलटवून पुन्हां पाव इंचावर टीप घालावी, म्हणजे प्रत्येक टांक्याला सुई थोडी मागें नेऊन मग पुढें काढावी. ह्यानें कापडाची कच्ची कड शिवणीच्या आंतच बंद होते व मुलाच्या कोंवळ्या अंगाला एकही धागा लागत नाहीं. बेततांना राखलेला अर्धा इंच ह्या दोन पाव इंचांत गेला, हिशेब जुळला. बाह्यांचीं तोंडें व खालचा घेर दुमडून तुरपाई करावी. गळ्याला व चिरेला उरेब पट्टी, म्हणजे दुसऱ्या मऊ कापडाची तिरकी कापलेली पट्टी, लावावी. तिरकें कापड ताणतें, म्हणून तें गोलाईवर सुरकुतत नाहीं.

एका चुकीविषयीं आधींच सावध करितें. चीर फक्त पाठीला द्यावयाची असते. नवशिका घाईंत दोन्ही पदर कापतो. हें मी अनुभवानें सांगतें. आईपाशीं मीं शिवण शिकून घेतलें नाहीं. तें पुढें माझ्या आत्यानें शिकविलें. धाकट्या बहिणीच्या मुलासाठीं पहिलें झबलें बेततांना मीं पुढचा भागही चार इंच चिरला आणि डोळ्यांत पाणी आणून बसलें. आत्या म्हणाली, "अगं, रडतेस कशाला? कापड फाटलें आहे, आभाळ नाहीं फाटलें." तिनें चिरेच्या मागें एक पट्टी लावविली, दोन्ही कडा तिच्यावर बसवून घेतल्या, आणि वरून साखळी टांक्याची एक वेल काढावयास सांगितली. बारशाला आलेल्या सगळ्या बायकांनीं त्या वेलीची वाहवा केली. तिची खरी हकीकत मी आज प्रथमच सांगत आहें.

झबलें पुरें झालें कीं मी मुलांना त्याच्या टांक्यांचा हिशेब करावयास लावितें. बाजूंच्या दोन शिवणी सुमारें बारा-बारा इंच. त्या दुहेरी, म्हणून ४८ इंच. घेर २२ इंच. बाह्यांचीं तोंडें १६ इंच. गळा व चीर साडेअठरा इंच. एकूण सुमारें १०५ इंच. इंचाला आठ टांके धरले तर ८४० टांके झाले. वीतभर झबल्यांत आठशें चाळीस वेळां सुई आंत गेली व बाहेर आली! नवशिक्याला त्याला दोन दुपारी सहज लागतात.

घरगुती शिवणयंत्र हेंच काम मिनिटाभरांत करूं शकतें. ह्या यंत्राची कथाही जाणण्यासारखी आहे. फ्रान्समध्यें तिमोनिए नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. पण आपली भाकरी जाईल ह्या भीतीनें इतर शिंप्यांनीं जमून त्याचीं यंत्रें फोडून टाकलीं. अमेरिकेंत एलायस हाऊ यानें १८४६ सालीं व आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं पेटंट घेतलें, आणि तेथून यंत्राचा प्रसार झाला. त्याच्या थोडें आधीं, १८४३ सालीं, टॉमस हूड ह्या इंग्रज कवीनें सदरे शिवून पोट भरणाऱ्या एका गरीब बाईवर लिहिलेल्या कवितेनें इंग्लंडांतील लोकांचीं मनें हालविलीं होतीं. यंत्रांविषयीं कठोर मत असलेल्या महात्मा गांधींनींही १९२४ सालीं शिवणयंत्र हा एक समंजस अपवाद मानला, कारण त्यानें घरांतील बाईचे श्रम हलके होतात.

परंतु यंत्र आलें म्हणजे माणूस सुटला, असें मात्र झालें नाहीं. सुई यंत्र चालवितें. सुईखालीं कापड नेणारे हात अजून माणसाचेच आहेत. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगला देशांत ढाक्याजवळ सावार येथें राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत कोसळली. तींत परदेशच्या दुकानांसाठीं कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशीं भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी दुसऱ्या दिवशीं कामगारांना कामावर बोलाविलें. ११०० हून अधिक माणसें मेलीं, व त्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ होत्या. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत कोण देतो, ह्याचें हें एक उत्तर आहे. ज्यानें ८४० टांके स्वतः घातले आहेत तो तयार कपडा हातांत घेतांना एवढें तरी म्हणेल कीं, हा कोणीतरी बसून शिवला आहे. तो शिंप्याशीं चार रुपयांसाठीं हुज्जत घालणार नाहीं, व दोनदां घातलेला सदरा कंटाळा आला म्हणून टाकून देणार नाहीं. हें ह्या धड्याचें दुसरें सूत्र.

झबलें साधलें म्हणजे पुढील कामें हातीं घ्यावीं. गुंडी लावणें, उसवलेली शिवण घालणें, कोपरावर फाटलेल्या बाहीला ठिगळ लावणें हें प्रत्येक विद्यार्थ्याला आलें पाहिजे. स्वतःसाठीं शिवावयाचें असेल तर उशीचा अभ्रा, मग परकर किंवा लेंगा, आणि त्यानंतर सदरा, असा क्रम ठेवावा. सदऱ्यासाठीं एक युक्ति सांगतें. अंगाला नीट बसणारा, पण विटून गेलेला जुना सदरा शिवणींशीं उसवावा, त्याचे तुकडे इस्तरी करून नव्या कापडावर मांडावे, व शिवणीपुरतें जास्त कापड राखून त्याबरहुकूम बेतावें. उसवतां उसवतांच सदरा कसा जोडलेला असतो तें समजतें. त्याच्याइतका चांगला शिक्षक मिळणें कठीण. उरलेल्या चिंध्याही टाकूं नयेत. आपल्या आज्यांनीं त्याच चिंध्यांच्या गोधड्या शिवल्या व पिढ्यान्पिढ्या मुलांना ऊब दिली.

आयांसाठीं एक सूचना. पांच ते दहा ह्या वयांत मूल दरवर्षीं सुमारें दोन ते अडीच इंच वाढतें, व त्या मानानें झग्याची लांबी इंच-सव्वा इंचानें कमी पडते. म्हणून घेराला चार इंच दुमड राखली तर झगा तीन वेळां वाढवितां येतो. दुमड सोडल्यावर जुन्या रेघेवर ओला फडका ठेवून इस्तरी करावी. रेघ तरीही राहिली तर तिच्यावर एक फीत बसवावी, किंवा रंगीत दोऱ्यानें साखळी टांका घालावा. माझ्या आईला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. चार मुलांचे कपडे शिवून झाल्यावर फितीसाठीं तिच्याजवळ रात्र उरत नसे.

मुलगे म्हणतील, हें काम आमचें नव्हे. त्यांनीं बाजारांत जाऊन पाहावें : शिंप्याच्या दुकानांत यंत्रावर बसलेले बहुतेक पुरुषच दिसतात. संत नामदेव शिंप्याच्या कुळांतले. दवाखान्यांत जखम शिवणारा डॉक्टर टांकेच घालतो. पोटासाठीं पुरुषानें सुई धरली तर ती मोठी विद्या, आणि घरासाठीं धरली तर कमीपणा, हा न्याय कोठला? वसतिगृहांत राहणाऱ्या ज्या मुलाला स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावितां येत नाहीं, तो परीक्षेंत कितीही गुण मिळवो, एका गोष्टींत परावलंबीच राहिला.

शेवटीं पालकांना एक विनंति आहे. घरीं शिवलेला कपडा घालावयास मूल कधीं लाजलें तर त्याच्यावर रागावूं नका, व आपल्या गरिबीचें किंवा श्रमांचें व्याख्यानही देऊं नका. मुलाची लाज खरी असते; मला ती अजून आठवते. माझ्या मुलीच्या झग्याची दुमड मीं दुसऱ्यांदा सोडली तेव्हां तिनें रेघेवर पिंवळी फीत मागितली, आणि मीं ती लावून दिली. फितीखालीं रेघ आहेच. तिचा अर्थ तिला पुढें केव्हां तरी कळेल, आणि तोंवर तिला वर्गांत मान वर करून बसतां आलें म्हणजे पुरे.

विद्यार्थीमित्रहो, मे महिन्याच्या सुटींत प्रत्येकानें एक झबलें शिवावें. आई, आजी किंवा आत्या जी कोणी जाणती असेल तिच्याजवळ बसून शिवावें. तिला विचारण्यांत संकोच करूं नये, कारण ती विद्या तिच्याबरोबर जाण्यापूर्वीं आपण घेतली पाहिजे. ज्या मुलासाठीं शिवावयाचें त्याचें माप स्वतः घ्यावें. टांके वांकडे आले तर ते उसवावे व पुन्हां घालावे. जूनमध्यें शाळा उघडली म्हणजे तें मला आणून दाखवावें. किती टांके झाले तें मी विचारणार आहें.